कवट्यांची साक्ष

प्रवरा नदीच्या काठी नेवासे हे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका येथे सांगितली, म्हणून मराठी माणसाला या गावाचे नाव लहानपणापासून ठाऊक असते. पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता अहिल्यानगर असे नाव असलेल्या जिल्ह्यातील या गावी १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विद्वानांनी डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडात वस्तीचे थर एकावर एक साचले होते. वरच्या थरांत सातवाहनांच्या काळच्या खुणा होत्या. आणखी खाली खणल्यावर ज्या लोकांना तांबे माहीत झाले होते, पण दगडाची हत्यारे ज्यांनी सोडली नव्हती, अशा लोकांची घरे लागली. हा काळ आजपासून तीन हजार वर्षांहूनही मागचा.

या घरांच्या जमिनीखाली मातीची मडकी पुरलेली आढळली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली असत आणि त्यांत लहान मुलांच्या अस्थी असत. त्या काळी मूल दगावले म्हणजे त्याला दूर कोठे न नेता राहत्या घराच्या भुईतच ठेवीत असत. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांना चिकटून राहिलेला दोऱ्याचा अंश विद्वानांनी तपासला, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस यांचे तंतू दिसून आले.

ही हाडे कोणाची, हे लोक दिसत कसे, ते आजच्या लोकांचे कोण लागतात, असे प्रश्न अशा वेळी मनात येतातच. त्यांची उत्तरे शोधणारे शास्त्र म्हणजे मानववंशशास्त्र. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांचा विभाग तेव्हा इरावतीबाई कर्वे यांच्याकडे होता. कवटी हातात घेऊन तिला प्रश्न कसा विचारावा, हे त्या तरुणपणी बर्लिन शहरी शिकल्या होत्या. त्याहून अवघड गोष्टही त्या तेथेच शिकल्या. कवटीने दिलेले उत्तर गुरूंच्या मनाविरुद्ध असले तर काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे तेथे उभा राहिला होता.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या एका कंपनीत नोकरीस होते. त्या देशातून वाहणाऱ्या इरावती या महानदीचेच नाव मुलीला ठेवले गेले. मुलगी सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठवण्यात आले. आईवडील समुद्रापलीकडे आणि मूल वसतिगृहात, असे ते दिवस होते. परंतु शाळेत तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि मैत्रिणीबरोबर एक घरही मिळाले. शकुंतलेचे वडील म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे. त्यांच्या पत्नीने इरावतीला आपली दुसरी मुलगी मानून घरी आणले.

त्या घरी पुस्तकांना तोटा नव्हता आणि वादाला मज्जाव नव्हता. कोणतीही गोष्ट केवळ मोठ्या माणसाने सांगितली म्हणून खरी मानावयाची, अशी तेथली रीत नव्हती. घरी येणाऱ्यांत न्यायमूर्ती बालकराम हे गृहस्थ होते. त्यांना मानववंशशास्त्राची गोडी होती आणि ती त्यांनी या मुलीला लावली. पुढे १९२६ साली इरावती तत्त्वज्ञान विषय घेऊन फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाली. नंतर मुंबईस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली तिने समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये एम. ए. ची पदवी मिळविली.

दरम्यान तिचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला होता. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चिरंजीव. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत लाइपझिग येथे डॉक्टर ही पदवी घेतली होती; पत्नीनेही पुढील अभ्यासास जर्मनीला जावे, असे त्यांच्या मनात होते. अण्णासाहेबांना मात्र हा बेत पसंत पडला नाही. ज्यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले, त्यांनीच सुनेच्या शिक्षणास नाराजी दाखवावी, हे आज वाचताना चमत्कारिक वाटते. पण थोर माणसांच्या घरीही असे मतभेद होतच असतात. दिनकरराव आपल्या विचारावर ठाम राहिले. डॉ. जीवराज मेहता यांनी प्रवासासाठी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२८ च्या नोव्हेंबरात तेवीस वर्षांच्याही न झालेल्या इरावतीबाई बोटीने परदेशी निघाल्या.

बर्लिनच्या डालेम या भागात मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था १९२७ साली निघाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्या काळी युरोपात नावाजलेले शास्त्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली इरावतीबाई दाखल झाल्या. त्यांना जे काम मिळाले, त्याचे महत्त्व कळण्यासाठी कवटीविषयी लोक काय काय मानीत आले आहेत, हे थोडे पाहिले पाहिजे.

मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कवटीवर नागमोडी बारीक रेषा असतात. त्या रेषा म्हणजेच विधात्याची अक्षरे, असेही कित्येक समजत. वास्तविक ते हाडांचे सांधे होत. तान्ह्या मुलाची टाळू आजी तेलाने भरते, तेव्हा तिच्या बोटांना डोक्यावरची जागा मऊ लागते. कारण कवटीची हाडे अद्याप जुळलेली नसतात. मेंदू वाढत असतो आणि त्याला जागा हवी असते. मूल मोठे होते तशी ही हाडे करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत गुंतून घट्ट बसतात. ज्याला लोक अक्षरे म्हणत, ती अशी वाढत्या मेंदूची खूण असते.

कपाळावरचे लेख वाचण्याचा नाद युरोपातील शिकलेल्या लोकांनाही होता, फक्त त्यांनी त्याला शास्त्राचे नाव दिले होते. व्हिएन्ना येथील गाल नावाच्या वैद्याने असे मांडले की, प्रत्येक गुणाला मेंदूत वेगळी जागा असते आणि तो गुण बळावला की कवटीवर त्या जागी उंचवटा येतो. मग एकोणिसाव्या शतकात चिनी मातीची गुळगुळीत मुंडकी निघाली. त्यांवर देशाच्या नकाशाप्रमाणे रेघा आखून येथे धैर्य, येथे लोभ, येथे स्मरणशक्ती अशी नावे घातलेली असत. दिवाणखान्यात ती शोभेसाठीही ठेवीत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे सॅम्युएल मॉर्टन नावाच्या डॉक्टराने देशोदेशींच्या शेकडो कवट्या जमविल्या. कवटीत किती जागा आहे हे मोजण्यासाठी तो तिच्यात आरंभी पांढऱ्या मोहरीचे दाणे आणि पुढे शिशाच्या बारीक गोळ्या भरी. १८३९ मध्ये त्याने कवट्यांच्या सुंदर चित्रांनी भरलेला एक मोठा ग्रंथ छापला. चित्रे सुंदर होती, आकडेही होते. परंतु गोरे लोक सर्वांत श्रेष्ठ, हा निष्कर्ष मोहरी भरण्याच्या आधीच मनात तयार होता. आकड्यांच्या अशा ग्रंथांचा आधार घेऊन माणसांना गुलामीत ठेवणे कसे योग्य आहे, हे कित्येक जण सांगू लागले.

फिशर यांचे मतही याच वाटेचे होते. विचार करण्याची शक्ती मेंदूच्या कपाळामागील भागात असते. गोरा युरोपीय माणूस तर्काने विचार करण्यात इतरांच्या पुढे आहे. तेव्हा त्याच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक वाढलेला असला पाहिजे. आणि मेंदू तसा असेल तर त्याला सामावून घेणारी कवटीही दोन्ही बाजूंनी सारखी असणार नाही. इतर वंशांच्या कवट्यांत ही असमता तितकी दिसणार नाही, असा त्यांचा कयास होता. तो कवट्या मोजून सिद्ध करावयाचा होता आणि हे मोजण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांच्यापुढे एकूण १४९ कवट्या होत्या. काही युरोपातील लोकांच्या, तर काही दूरदेशीच्या. जर्मनीने आफ्रिकेत आपले राज्य बसविले होते, तेव्हा तेथून कवट्या गोळा करून बर्लिनला धाडण्यात आल्या होत्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांच्या आप्तांना कोणी विचारले नव्हते. कपाटात मांडलेली प्रत्येक कवटी एकेकाळी कोणाच्या तरी मायेचे माणूस होती. बर्लिनमधील अशा एका संग्रहातील काही कवट्यांचे आज हयात असलेले नातेवाईक २०२३ साली आफ्रिकेत टांझानिया देशात सापडले, यावरून ही गोष्ट किती जवळच्या काळातली आहे हे कळते.

कवटी मोजणे हे वाटते तितके सोपे नसते. माणसाच्या डोक्याच्या सांगाड्यात २२ हाडे असतात. आठ हाडे मेंदूभोवती पेटीसारखी बसतात आणि चौदा चेहऱ्याची असतात. आधी कवटी पक्की बसवून नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत मध्यरेषा ठरवावी लागते. मग उजवीकडील एक ठिकाण आणि डावीकडील तेच ठिकाण मध्यरेषेपासून किती दूर आहे, हे वाकड्या भुजांच्या मापकाने पाहावयाचे. फरक असतो तो काही मिलिमीटरांचा. हात हलला की आकडा चुकतो. मनात आधीच एखादे उत्तर असले, तर नजरही त्या बाजूला झुकते. हा धोका हात हलण्यापेक्षा मोठा.

इरावतीबाईंनी सर्व कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि ते एकमेकांशी ताडून पाहिले. कवटी दोन्ही अंगांनी अगदी सारखी कोणाचीच नव्हती. युरोपातल्या माणसाची नव्हती, तशी आफ्रिकेतल्या माणसाचीही नव्हती. थोडीशी असमता सर्वत्र होती आणि तिचा वंशाशी काही संबंध लागत नव्हता. गुरूंचा कयास कवट्यांनी खोटा ठरविला होता.

आता खरी कसोटी आली. इरावतीबाई परक्या देशात एकट्या होत्या. कर्जाच्या पैशावर शिकत होत्या, प्रबंधाची भाषाही परकी होती. पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती, त्यांचाच सिद्धांत त्यांचे आकडे मोडीत होते. चार आकडे बाजूला ठेवून किंवा शब्द गुळमुळीत करून वेळ मारून नेणे काही अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. जे दिसले तेच लिहिले. प्रबंधाचे नावच मुळी माणसाच्या कवटीची स्वाभाविक असमता असे होते. असमता ही स्वाभाविक आहे, माणूस म्हटला की ती आलीच, हे त्या नावातच आले. फिशर यांनी प्रबंध नाकारला नाही. तो नाकारता येण्याजोगा नव्हता. मात्र त्यांनी त्याला अगदी खालची श्रेणी दिली. १९३० मध्ये डॉक्टर ही पदवी घेऊन इरावतीबाई स्वदेशी परतल्या आणि पुढील वर्षी प्रबंध छापून निघाला.

त्या परतल्यानंतर तीनच वर्षांनी जर्मनीत हिटलरचे राज्य आले. फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांची संस्था त्या राज्याच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवू लागली. त्या धोरणापायी पुढे ज्यू, रोमा आणि इतर लाखो निरपराध माणसे प्राणास मुकली. ज्या विचाराला एका विद्यार्थिनीच्या मोजपट्टीने धक्का दिला होता, तो विचार त्या धक्क्याने काही पडला नाही. एका प्रबंधाने एवढे मोठे काम होत नसते. परंतु तो चुकीचा आहे हे त्याच संस्थेत, त्याच कवट्यांवरून, वेळीच लिहून ठेवलेले होते.

भारतात आल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे महर्षी कर्व्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम पाहिले. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. मोजमापाची साधने त्यांनी टाकून दिली नाहीत. मापक घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. माणसांची उंची, डोक्याची लांबी, रुंदी यांची नोंद करीत राहिल्या. बर्लिनमधील अनुभवानंतरही मोजमापावरचा त्यांचा विश्वास इतका कसा टिकला, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यांचा प्रश्न निराळा होता, हे त्याचे उत्तर. कोण श्रेष्ठ आणि कोण कनिष्ठ हे त्यांना शोधावयाचे नव्हते. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती मुळात एका कुळीच्या आहेत काय, हे त्यांना पाहावयाचे होते. महाराष्ट्रातील कुंभारांचे निरनिराळे गट मातीला आकार देण्याचे एकच काम करीत असले, तरी ते एका मुळाचे नाहीत, असे त्यांना आढळून आले.

पुढे पुढे मापकापेक्षा नात्यांचे शब्द त्यांना अधिक बोलके वाटू लागले. आत्या, मावशी, मामेबहीण यांना निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात? मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात आणि दक्षिणेत चालते, उत्तरेत ते निषिद्ध का? असे प्रश्न घेऊन त्यांनी सारा देश पालथा घातला. त्यातून १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ तयार झाला. तो आजही अभ्यासक वाचतात.

त्यांची राहणीही स्वतंत्र होती. पुण्याच्या रस्त्यातून नऊवारी नेसलेल्या बायका चालत जात, त्या काळी इरावतीबाई स्कूटरवरून जाताना दिसत. पंढरीच्या वारीबरोबर त्या पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी मराठीत लिहिले. आपल्याच दिंडीत निरनिराळ्या जातींच्या वारकऱ्यांची पंगत वेगवेगळी बसते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. ज्यांच्याविषयी प्रेम वाटते, त्यांच्यातले उणेही त्या पाहत आणि सांगत.

नेवाशाच्या अस्थींचा पहिला अहवाल उत्खननाच्या ग्रंथात १९६० साली निघाला. तो जर्मनीच्या सोफी एअरहार्ट यांचा होता. या विदुषीने हिटलरच्या काळात रोमा लोकांची मोजमापे घेण्याच्या कामात भाग घेतला होता. शास्त्राच्या इतिहासात असे विचित्र योग येतात. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेचे केनेथ केनेडी आणि इरावतीबाईंच्या विभागात काम करणारे कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी नेवाशाच्या सांगाड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रवरेकाठी पुरलेल्या त्या माणसांची हाडे अशी पुन्हा एकदा टेबलावर आली आणि बारकाईने तपासली गेली.

१९६७ साली इरावतीबाईंचे ‘युगान्त’ हे महाभारतातील व्यक्तींवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. भीष्म, गांधारी, कर्ण यांना देवत्वाच्या आसनावरून उतरवून त्यांनी माणसे म्हणून पाहिले. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. याच सुमारास कोयना धरणामुळे उठविल्या गेलेल्या लोकांची त्यांनी पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये छापला गेला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘युगान्त’ महाराष्ट्रात घरोघरी पोचले. बर्लिनचा तो जर्मन प्रबंध मात्र मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांच्या हाती पडला.